मुसीकाठचे आमचे बेट

सहल आखणे ही अलीकडे एक स्वतंत्र विद्या होऊन बसली आहे. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांना बोलावून घेतात आणि दिवसवार टिपण त्यांच्या हाती ठेवतात. असेच एक टिपण मध्यंतरी आमच्या वाचनात आले. अटलांटिक महासागरातील मदेरा या पोर्तुगीज बेटावर चार दिवस कसे घालवावेत, याचा तो बेत होता. फुंशाल शहरातील बाजार कोणत्या वेळी पाहावा, डोंगरउतारांवरून पाणी वाहून नेणाऱ्या ‘लेवादा’ नावाच्या पाटांच्या कडेने किती चालावे, केळ्याबरोबर वाढला जाणारा तेथला प्रसिद्ध मासा कोठे खावा आणि त्या वेळी शाकाहारी मंडळींनी काय करावे, हे सारे त्यात ठरलेले होते. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली जहाजे पूर्वी या बेटावर थांबून मद्याची पिंपे भरून घेत, एवढा इतिहासही तोंडी लावण्यापुरता होता. आखणी असावी तर अशी, असेच आम्हांस वाटले.

त्याच घरातील नातवंडे सुटीत हैदराबादेस येतात, तेव्हा मात्र यादी ठरीव असते : चारमिनार, गोवळकोंडा, चित्रनगरी आणि बिर्याणी. ज्या गौलीगुड्यात आणि त्याच्या आसपासच्या मोहल्ल्यांत आपल्या पणजोबांनी पहिली बिऱ्हाडे केली, त्याचे नाव यादीत नसते. “तेथे पाहण्यासारखे आहे तरी काय?” असे घरातील वडीलधारेच विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका दिवसाचा बेत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. मदेऱ्याच्या सहलीस जेवढी काळजी घेतली जाते, तेवढीच येथेही घ्यावी, इतकीच अपेक्षा.

दिवस थंडीचा निवडावा. चैत्री पौर्णिमेस गौलीगुड्याच्या राममंदिरापासून हनुमानजयंतीची मोठी शोभायात्रा निघते. ती पाहावयाची असेल तरच त्या दिवशी यावे, एरवी गल्लीबोळांतून चालणे अवघड जाते. वाहन घरीच ठेवावे. मेट्रोचे लाल आणि हिरवे असे दोन्ही मार्ग महात्मा गांधी बसस्थानकाशी एकत्र येतात, तेथे सकाळी आठाच्या सुमारास उतरावे.

बेटाची सहल म्हटली की आरंभ बेटावरूनच व्हावा, आणि येथे तो तसाच होतो. १९९४ साली सुरू झालेले हे बसस्थानक मुसीच्या पात्रातील बेटवजा जमिनीवर उभे आहे. जागेचे जुने नाव इम्लीबन, म्हणजे चिंचेचे बन. एरवी नदीचे ओहोळवाणे रूप पाहून हे बेट आहे, असे कोणास सांगूनही पटत नाही. परंतु २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री वरच्या तलावांचे दरवाजे उघडले गेले, स्थानकात पाणी शिरले आणि अडकलेल्या प्रवाशांना दोरांच्या आधाराने बाहेर काढावे लागले. त्या रात्री इम्लीबन खरोखरीचे बेट झाले होते. नदीस तिची जागा ठाऊक असते. ती आपणच विसरतो.

पूल ओलांडून उत्तर तीरावर आले की गौलीगुडा लागतो. नावातच गवळी आहे आणि तेलुगूतला ‘गूडेम’, म्हणजे पाडा, आहे. दोन भाषांनी मिळून हे नाव घडविले, हे मुलांना येथेच सांगावे. पलीकडे जुन्या बसस्थानकाची जागा आहे. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्याने सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी बसवाहतूक सुरू केली. तिच्या इतिहासाशी येथील अर्धगोल पोलादी छताचा प्रचंड मांडव जोडलेला होता. नांदेड-परभणीकडून येणारा नवखा माणूस वळकटी खाकोटीस मारून येथे उतरे आणि कोणा तरी नातलगाचे घर विचारीत गल्लीत शिरे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात गेला. ही घरे मात्र येथेच राहिली. एका परीने तेव्हापासून ती बेटे झाली. ५ जुलै २०१८ रोजी पहाटे तो मांडव कोसळला. धोका ओळखून तेथील वाहतूक आधीच थांबविली होती, त्यामुळे जीवितहानी टळली. आता तेथे दाखवावयाचे काही उरलेले नाही, तरी दोन मिनिटे थांबावे. पुष्कळ मराठी घराण्यांच्या हैदराबादी चरित्राचे पहिले पान येथे लिहिले गेले आहे.

राममंदिराचे दर्शन घेऊन आणि जवळच्या गुरुद्वाऱ्यास नमस्कार करून पुतळीबावडीच्या वाटेने कोठीकडे चालू लागावे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर चाल केली, तेव्हा त्यांच्या माणसांनी याच पुतळीबावडीतील घरांच्या आश्रयाने गोळीबार केला होता. त्या लढ्याचे स्मारक कोठीस आहे.

रेसिडेन्सीची वास्तू ही दिवसातील मुख्य प्रेक्षणीय गोष्ट. ती महिला विद्यापीठाच्या आवारात आहे, म्हणून प्रवेशाची चौकशी आधीच करून ठेवावी. जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाने १८०३ च्या सुमारास तिचे काम आरंभिले. उंच स्तंभ, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस बसलेले सिंह आणि आतील भव्य दरबार-दालन पाहताना मुले हरखून जातील. मोठ्यांनी मात्र खैरुन्निसा बेगमेची कथा सांगावी. कर्कपॅट्रिकशी विवाह केलेल्या या हैदराबादी स्त्रीची दोन लहान मुले १८०५ साली जहाजाने विलायतेस पाठविण्यात आली. त्याच वर्षी पतीही वारला. १८१३ मध्ये ती मृत्यू पावली, तोवर मुलांची पुन्हा भेट झाली नाही. ज्यांची मुले सातासमुद्रापार आहेत, त्यांना ही कथा वेगळी समजावून देण्याची गरज नाही.

या रेसिडेन्सीभोवतीचा बाजार, म्हणजे आजचा सुलतान बाजार, १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अमलाखाली होता. निजामाच्या राज्यात सभा, संस्था आणि वृत्तपत्रे यांवर जी बंधने होती, ती येथे तितकीशी पोहोचत नसत. त्यामुळे १८९२ मध्ये आर्य समाज आणि १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम ही तेलुगू ग्रंथसंस्था याच परिसरात रुजली. परक्याच्या अमलातील या तुकड्यावर स्वकीयांना थोडा मोकळा श्वास घेता येई, हा इतिहासाचा चमत्कारिक न्याय होय.

तेथून जांबबागेत विवेक वर्धिनीकडे जावे. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींनी ही संस्था उभी केली, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु तेवढेच सांगून थांबू नये. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे श्रोत्यांनी शांतपणे ऐकली. आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागले, तेव्हा मात्र सभेत हुर्यो उडविली गेली. तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. पुढे १९३० मध्ये जोगीपेठेस जी पहिली आंध्र महासभा भरली, तिचे बीज या अपमानात होते.

हा प्रसंग पाहुण्यांना कशाला सांगावा, असे काही वाचक म्हणतील. आमचे मत निराळे आहे. बहुसंख्यांच्या भाषेला तिच्याच भूमीवर हसणारी सभा आपली होती. आज आपण येथे अल्पसंख्य आहोत, आपली मुले तेलुगू शिकतात, आणि आपल्या भाषेला कोणी हसू नये असे आपल्यालाही वाटते. विवेक वर्धिनीचा वारसा सांगावयाचा तर त्या रात्रीसकट सांगावा. त्यानेच तो खरा ठरतो.

आता दुपारचे जेवण. ते शक्यतो घरचे असावे. या भागात अद्याप एखादे नातलग राहत असेल तर पंधरा दिवस आधी कळवावे. नसेल तर डबा बरोबर घ्यावा, पण पदार्थ आपल्या इकडचेच असावेत : ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, चिंचेच्या कोळाची खट्टी दाळ, बघारे बैंगन आणि सणाचा दिवस असल्यास पुरणपोळी व कटाची आमटी. पुण्याचा पाहुणा आमटीतील आंबटपणाने दचकतो आणि येथल्या मराठीतील ‘हौ’ ऐकून हसतो. हसू द्यावे. ‘नक्को’ हा दखनीतला शब्द आपल्या ‘नको’चाच भाऊ आहे, हे सांगितले की तोही वाटीभर दाळ अधिक मागतो.

दुपारी अफजलगंजास राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत पाहावी. १८९१ साली स्थापन झालेले असफिया ग्रंथालय ते हेच, आणि त्याच्या संग्रहात मराठी ग्रंथही आहेत. नंतर उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेचे झाड पाहावे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात हजारो माणसे बुडाली, तेव्हा या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले. त्या प्रलयानंतरच विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले.

सायंकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे घ्यावीत. मग मोअज्जमजाही बाजारच्या दगडी मनोऱ्याखाली आइस्क्रीम खावे आणि कोठीस परतून जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळावीत. कोठीच्या गोकुळ चाटपाशी खाण्यासाठी गर्दी असते. २५ ऑगस्ट २००७ च्या बाँबस्फोटात तेथे अनेकांचे प्राण गेले. खाण्यापूर्वी क्षणभर त्यांचे स्मरण करावे.

अशा या सहलीस खर्च फारसा नाही. परंतु एक सामग्री दुकानात मिळत नाही, आणि ती म्हणजे वाट दाखविणारे वडील माणूस. मराठी घरे एकेक करून दूरच्या वसाहतींत गेली. वाडे पाडून मजले चढले. म्हणून बेताचे टिपण तयार करताना शेवटी एक ओळ कोरी ठेवावी : “आपले घर कोणत्या गल्लीत होते?” ती ओळ भरू शकणारी माणसे पुष्कळ घरांत अजून आहेत. सहल येत्या थंडीतच करावी, आणि त्यांना बरोबर घेऊन करावी.