एक्याऐंशी टक्के

नारायण पेठेतले एक डीटीपीवाले काका दर दिवाळीनंतर दुकानात येतात. अंकांची कामं हातावेगळी झालेली असतात, मशीनकडे बघायला सवड मिळालेली असते. या खेपेला त्यांनी पिशवीतून काढली ती जुनी एसएसडी. अडीच इंची, १२० जीबीची, मीच दहा वर्षांपूर्वी बसवून दिलेली.

"अरे, ही पार थकली आता. पेजमेकर उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. नवीन टाक."

"काका, ठेवून जा. आधी बघतो."

"बघायचं काय त्यात? सॉफ्टवेअर लावलंस की टक्का दिसतोच की."

टक्का दिसतो, हे खरं. तो ८१ दिसला. बरेच जण तेवढ्यावरच थांबतात: ऐंशीच्या वर म्हणजे चांगली, पन्नासच्या खाली म्हणजे बदला. पूर्वी मीही असंच करायचो. मग एका मुलीची ड्राइव्ह आली, ९७ टक्के दाखवणारी. मी ती निर्धास्तपणे परत दिली. चार महिन्यांनी तीच ड्राइव्ह संगणकाला दिसेनाशी झाली. आवाज नाही, इशारा नाही. तिच्या प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं त्यात होती. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, म्हणून तर ते जास्त लागलं. त्या टक्क्यात फक्त झीज मोजलेली असते. आतला कंट्रोलर उद्या सकाळी उठेल की नाही, हे त्याला कुठून माहीत असणार?

हार्ड डिस्कच्या काळात निम्मं काम कानानं व्हायचं. डिस्क तळहातावर धरली की फिरण्याची लय कळायची, हेड अडखळलं की टक् टक् ऐकू यायचं. एसएसडीला आवाजच नाही. तिच्याकडून काय कळायचं ते तिनं स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदींतून, आणि प्रत्यक्ष वाचून बघण्यातून.

लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करतो, कारण विंडोज सुरू झालं की आपणहून काहीबाही लिहायला लागतं. 'स्मार्ट' नावाच्या त्या नोंदी आधी कागदावर उतरवतो. काकांच्या ड्राइव्हचे चालू तास होते ३१,०००. दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, दहा वर्षं. हिशेब जुळला. सेकंडहँड ड्राइव्ह घेणाऱ्यानं हा ताळा करावाच. तास दाखवतायत १२, आणि कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर मात्र शंभरदा घातल्या-काढल्याचे ओरखडे असतील, तर कुणीतरी नोंदी पुसल्या आहेत असं धरून चालावं.

१९९ क्रमांकाची नोंद, सीआरसी चुकांची: २१४. हा आकडा पाहून घाबरून चांगल्या ड्राइव्ह फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. ही चूक बहुतेक वेळा ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्यामधल्या रस्त्यावरची असते, म्हणजे केबलची. केबल बदलली की आकडा कमी होत नाही, पण वाढायचा थांबतो. काकांच्या मशीनची केबल कॅबिनेटच्या कडेला दाबून चेपलेली होती.

मग २४१, लिहिलेले एकूण सेक्टर: सुमारे १,९५३ कोटी. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे दहा वर्षांत साधारण १० टीबी. फार नाही. अख्खी ड्राइव्ह भरून ८३ वेळा लिहिली, इतकंच. मात्र १७७ क्रमांकाची नोंद सांगत होती की आतला प्रत्येक ब्लॉक सरासरी १९० वेळा पुसला गेलाय. लिहिलं ८३ वेळा आणि पुसलं १९० वेळा. माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यात बोलका आकडा हाच होता, आणि टक्क्याच्या मागे तोच दडला होता.

नॅन्ड फ्लॅशचा स्वभाव असा की लिहिता येतं पानापानानं, पुसताना मात्र पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. पाटीवर एकेक ओळ लिहावी, पण पुसायचं तर सगळी पाटीच. तोशिबातल्या फुजिओ मासुओकांच्या शोधाला 'फ्लॅश' हे नाव पडलं तेही कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं एका झटक्यात पुसलं जातं म्हणून. त्यामुळे पाटीवरची कामाची ओळ वाचवायची तर आधी ती दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यावी लागते. आता एखादी फाइल आपण काढून टाकली, हे ड्राइव्हला कळणार कसं? त्यासाठी ट्रिम नावाची आज्ञा आहे. विंडोज ७ ती देतं. काकांच्या मशीनवर विंडोज एक्सपी आहे, आणि ते २००१ सालचं. तेव्हा ट्रिम नव्हतंच. म्हणून काकांनी दहा वर्षांत जे जे पुसलं, ते सगळं ही ड्राइव्ह मौल्यवान समजून एका ब्लॉकमधून दुसऱ्यात वाहत राहिली. भाड्याचं घर बदलताना रिकामे डबेही जपून नेत राहावं, तसं.

भरीला, एक्सपी आपलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करतं. ड्राइव्हच्या पानांच्या रेषेशी ते जुळत नाही. चार केबीचं लेखन दोन पानांवर अर्धं-अर्धं सांडतं, दोन्ही पानांना हात लावावा लागतो. ८३चे १९० असे झाले. ड्राइव्ह थकली नव्हती, तिच्यावर नाहक ओझं पडत होतं. आणि दहा वर्षांपूर्वी ती बसवताना पार्टिशन नीट आखणं माझं काम होतं. ते मी केलं नव्हतं.

एक्सपी सोडा, असं काकांना सांगण्यात अर्थ नाही. पेजमेकर ७ आणि जुने श्रीलिपीचे फॉन्ट यांच्यात बांधलेली वीस वर्षांची पुस्तकं त्यांच्याकडे आहेत. दुसऱ्या मशीनवर त्या फॉन्टांविना फाइल उघडली की मराठीच्या जागी भलत्याच खुणांची रांग दिसते. ज्या लेखकांनी ती पुस्तकं लिहिली त्यातले काही आज नाहीत. हे मशीन चालू राहिलं पाहिजे, यात मला तरी शंका नाही.

नोंदी संपल्या की नक्कल. डीडीरेस्क्यू पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. ही नक्कल हीच माझी खरी परीक्षा असते, कारण ड्राइव्हचा कोपरा न् कोपरा वाचला जातो. मी शेजारी बसतो. माझ्या टेबलावर सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वेग होता, तो मध्येच ४०वर आला, तिथंच रेंगाळला, पुन्हा वर गेला. असं सात-आठ ठिकाणी झालं. एकही सेक्टर बुडाला नाही. नंतर एकेक फोल्डर वेगळा वाचून पाहिला. गेल्या महिन्यातल्या फाइली झरझर आल्या. संथ होता २०१४ सालच्या दिवाळी अंकाचा फोल्डर. एकदा लिहिला आणि पुन्हा कुणी हात न लावलेला.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या ड्राइव्हच्या प्रत्येक पेशीत तीन बिट, म्हणजे विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. लोटीत पाणी किती आहे ते बघून आठांपैकी कुठला आकडा ते सांगायचं, असं काम. भार कोंडून ठेवणारा थर दर पुसण्यासरशी थोडा झिजतो आणि माठासारखा पाझरतो. वर्षानुवर्षं न हलवलेल्या पेशींमधली पातळी खाली सरकते, ड्राइव्हला पुन्हा पुन्हा वाचून, चुका दुरुस्त करून अंदाज बांधावा लागतो. तो संथपणा ही त्या अंदाजांची धडपड. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती ड्राइव्हनं, तिचं ठरलेलं आयुष्य संपल्यावरही, विजेविना ३० अंशांवर एक वर्ष मजकूर सांभाळला पाहिजे. एक वर्ष, फार नाही. आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बंद कपाटात ३० अंश कधीच ओलांडलेले असतात. त्यामुळे 'जुनी एसएसडी आहे, त्यात फोटो भरून कपाटात ठेवतो' असं कुणी म्हटलं की मी त्यांना बसवून घेतो आणि हे सगळं सांगतो.

नक्कल दुसऱ्या ड्राइव्हवर घालून काकांना कामापुरती दिली. मग जुनीला सिक्युअर इरेजची आज्ञा दिली. सगळ्या पाट्या एकदम कोऱ्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून लिहिली, वाचून ताळा घेतला, आणि तशीच भरलेली तीन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवली. तीन आठवडे फार नाहीत, पण अगदी खंगलेली ड्राइव्ह तेवढ्यातही उघडी पडते. ही पडली नाही. मग पुन्हा कोरी केली. पार्टिशन लिनक्सवरून एक एमबीच्या रेषेवर आखलं, शेवटचे २० जीबी मोकळे सोडले. ट्रिम मिळणार नसेल तर निदान पाट्या फिरवायला जागा असावी. त्यावर एक्सपी आणि पेजमेकर चढवलं. पुस्तकं मात्र दोन हार्ड डिस्कवर गेली. एक दुकानात, एक काकांच्या घरी.

मी तपासलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर एक चिठ्ठी चिकटवतो. काका आले तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती वाचली. तारीख, तास, लिहिलेले टीबी, सीआरसी २१४, पुसणं १९३. खाली: 'फक्त सिस्टिमसाठी. मजकूर ठेवू नये.'

"हे एकशे त्र्याण्णव काय?"

"तीन माझ्या तपासणीचे. आजवर वर्षाला एकोणीस वाढत होते, त्यात माझीही चूक होती, काका. पुढच्या दिवाळीनंतर घेऊन या. दहाच्या आत वाढायला हवेत."

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: २०३.