स्पेलिंग पाठ करायची सोपी युक्ती



आपली मराठी बहुतेक जशी लिहितो तशीच वाचतो. इंग्रजीचे तसे नाही. बी-यू-टी बट आणि पी-यू-टी पुट! लिहायचे एक अन् बोलायचे भलतेच. म्हणून पुष्कळ मुले स्पेलिंगला भितात. मी त्यावर एक युक्ती करते. शब्द बोलताना बरोबर उच्चार करायचा, पण पाठ करताना तो मराठीसारखा, जसा लिहिला तसा वाचायचा.

बुधवारला वेन्सडे म्हणतात. मी पाठ करते ‘वेड-नेस-डे’. चाकूला नाइफ म्हणतात. मी म्हणते ‘क्नाइफ’. गुरुजींनी सांगितले, की फार पूर्वी इंग्रज लोकही हा ‘के’ उच्चारीत असत. पुढे तो तोंडातून गेला, कागदावर मात्र राहिला. फेब्रुवारीला तर मराठीच मदतीला येते. आपण ‘ब्रु’ म्हणतो ना? मग ‘बी’च्या पुढचा ‘आर’ सुटत नाही.

काही शब्दांच्या पोटात दुसरे शब्द लपलेले असतात. हिअर म्हणजे ऐकणे, त्यात इअर म्हणजे कान आहे. बिलीव्ह म्हणजे विश्वास ठेवणे, पण त्याच्या पोटात लाय म्हणजे खोटे! फ्रेंडच्या शेवटी एंड आहे. खरा मित्र शेवटपर्यंत साथ देतो.

माझी आजी शाळेत गेली नाही. तरी संध्याकाळी भाकरी थापता थापता ती माझी स्पेलिंग घेते. मी मुद्दाम एखादा तुकडा गाळला तर लगेच म्हणते, “अगं, मधला नेस कुठं गेला?”

२००० सालापासून आपल्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. त्याआधी ते पाचवीपासून असे. त्यामुळे पुष्कळ पालकांना वाटते, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय पोरांचा अभ्यास घेणार? पण आजी घेतेच की!

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांचे हे नाव. इंग्रजीत त्याची अकरा अक्षरे होतात. चार तुकडे करा: ए-एच-आय अहि, एल-वाय-ए ल्या, एन-ए न, जी-ए-आर गर. झाले पाठ!

पालकांनो, आज घरी हे नाव मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या. इंग्रजी आले नाही तरी चालेल, नीट कान दिला म्हणजे झाले.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी