खरबूज आणि चाकू

मामाने लॉस एंजेलिसला बोलावलं तेव्हा आईने समुद्र, देऊळ, मॉल अशी यादी केली. माझ्या यादीत एकच ओळ होती: युनिव्हर्सल स्टुडिओ, बेट्सचं घर.

ते घर ज्यात आहे, तो हिचकॉकचा ‘सायको’ (1960) मी चार वेळा पाहिलाय. घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला आठवडा लागला. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, आणि चाकू खुपसल्याचा आवाज खरबुजाचा! हे वाचलं त्या दिवशी मी ओट्यावर अख्खं खरबूज भोसकलं. आवाज जमला. आईचा त्याच्याही वर गेला.

आज स्टुडिओची ट्रॅम वळली आणि टेकाडावर ते घर दिसलं. एवढंसंच? पडद्यावर अंगावर येणारं घर इथे उन्हात वाळत घातल्यासारखं उभं. तेवढ्यात खालच्या मोटेलमधून ‘सायको’तला नॉर्मन बेट्स बाहेर आला, चाकू घेऊन सरळ आमच्याकडे. पगारी नट आहे हे ठाऊक असूनही मी मामीचा हात करकचून धरला.

पुढे ‘जॉज’चा शार्क. 1975च्या त्या सिनेमाच्या वेळी यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमीच दाखवला आणि लोक जास्त घाबरले. इथला मात्र दर फेरीला इमानेइतबारे उसळी मारतो. (म्हणूनच बिचारा वाटतो.) पुढच्या बाकावरचं पोर त्याला टाटा करत होतं.

मामा विचारतोय, उद्या डिस्नेलँड? म्हटलं, मामा, पुन्हा इथेच येऊ या ना. तिकिटाचा हिशेब मनात करून मामी उठली आणि कुकर लावायला गेली.