पितळी कुलूप

लग्नात बाबांनी आंदणात पत्र्याची हिरवी पेटी दिली, आणि तिच्या कड्यात अलिगढचं पितळी कुलूप. मुठीत मावेल एवढंच, पण हातात घेतलं की वजन कळायचं. किल्ली माझ्या पदराला बांधत ते म्हणाले, "हे तुयाजवळच ठेवजो." 1984 सालचा डिसेंबर होता. अकोटहून वऱ्हाड नांदुऱ्याला पोचलं तेव्हा पेटी माझ्या मागोमाग ओसरीवर उतरली.

अकरा माणसांच्या त्या घरात पेटीत लपवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. सहा महिन्यांत कुलूप ज्वारीच्या कोठीला गेलं. दाराला मात्र ते कधी लागलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "भरल्या घराले कुलूप नसते लावत, माय." त्यांच्या लेखी कुलूप म्हणजे ओसाडपण. घरात कुणीतरी असलंच पाहिजे, चूल थंड पडता कामा नये, दारी आलेला माणूस परत जाता कामा नये. तो नियम मीही मनापासून पाळला. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा कळला: आम्ही दोघं एकाच वेळी घराबाहेर कधी राहिलोच नाही. लग्नकार्याला हे गेले की मी घरी. मी माहेरी गेले की हे घरी.

शेगाव तर आमच्या अंगणासारखं. नांदुऱ्याहून पॅसेंजर धरली की जळंब आणि पुढे शेगाव, जेमतेम पंचवीस किलोमीटर. लग्नानंतर पहिलं दर्शन तिथलंच. दहा माणसं सोबत होती आणि संध्याकाळच्या दुधाच्या वेळेआधी आम्ही परत. पुढची चाळीस वर्षं तसंच. गजानन महाराजांच्या समाधीवर डोकं टेकवायचं, महाप्रसाद घ्यायचा, मुलांसाठी कचोऱ्या बांधून घ्यायच्या आणि गाडीची वेळ बघत निघायचं. शेगावची रात्र मी पाहिली नव्हती.

मधल्या काळात कुलूप लेकीबरोबर अमरावतीच्या होस्टेलला गेलं. आपलं ओळखू यावं म्हणून तिने त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. चार वर्षांनी परत आलं तेव्हा कोठीच उरली नव्हती. ज्वारी किलोकिलोने येऊ लागली होती. कुलूप देवघराच्या फळीवर पडून राहिलं. सासरे गेले. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्याही गेल्या. मग घरात आम्ही दोघं.

2024 च्या डिसेंबरात लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. लेक नोकरीसाठी फ्रान्समध्ये असते. तिथे दक्षिणेकडे काँक नावाचं लहानसं डोंगराळ गाव आहे. स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरू शेकडो वर्षं त्या वाटेने जातात, आणि तिथल्या मठात त्यांना आजही उतरायला जागा मिळते. ती तिथे राहून आली होती. फोनवर म्हणाली, "आई, या दोघं. शांत वाटेल तुम्हाला." सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम घालून दिले, त्यात आलेल्या पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आला असं समजून करावं असं आहे, हेही तिनेच सांगितलं. ते ऐकून मला सासूबाई आठवल्या.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "आपण शेगावले राहू. दोन रात्री."

फळीवरचं कुलूप काढलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराला लावलं. तीनदा ओढून पाहिलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि चौथ्यांदा ओढलं. हे काही बोलले नाहीत, पिशवी धरून उभे राहिले.

भक्तनिवासात ओळीत उभं राहून खोली घेतली. दोन पलंग, एक खिडकी. संध्याकाळी चारला माझे हात आपोआप चहाचं पातेलं शोधू लागले आणि इथे पातेलंच नाही हे लक्षात आल्यावर मी पलंगावर नुसती बसून राहिले. असं बसणं मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोडं आलं.

प्रसादालयात पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी पुढ्यात आला, "माउली, वरण?" म्हणाला. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. आजवर महाप्रसाद घेताना एक डोळा घड्याळावर असायचा. या वेळी त्याने पुन्हा पोळी आणली आणि मी ती घेतली. महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. टाकलेल्या अन्नाचा कण ज्यांनी वाया जाऊ दिला नाही, त्यांच्या दारात रोज हजारो माणसं पोटभर जेवून उठतात. चाळीस वर्षं वाढणाऱ्या बाईला वाढलं जातं तेव्हा काय होतं, हे मला त्या ताटाशी समजलं. घास गिळायला जरा वेळ लागला.

शेजारती झाल्यावर आम्ही आवारात दगडी पायरीवर बसलो. गारठा होता, यांनी मफलर माझ्या खांद्यावर टाकला. मग समोर बघत म्हणाले, "लग्नानंतर आपण इथं आलो न, तेव्हाच रायाचं होतं मले. पैसेही होते खिशात. आईले विचाराची हिंमत नाही झाली."

"माझ्याही मनात होतं," मी म्हणाले.

चाळीस वर्षं एकाच घरात दोघांनी एकच गोष्ट मनात ठेवली होती, आणि ती बोलायला घरापासून पंचवीस किलोमीटर यावं लागलं. त्यात रुसवा नव्हता, सासूबाईंवर राग तर नाहीच. त्यांनी जे घर उघडं ठेवलं त्यात माझी मुलं वाढली. पण ते आमच्यावाचून पडेल, हे मात्र आम्ही स्वतःच धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी नांदुऱ्याला उतरलो. किल्ली एका फेऱ्यात फिरली. आत घड्याळ चालू होतं, पातेलं पालथं घातलं होतं तसंच, तुळस जराशी कोमेजलेली. तिला पाणी घातलं. घर आमच्यावाचून दोन रात्री राहिलं होतं.

कुलूप उचलून मी देवघराकडे निघाले. "तिकडे कशाले?" म्हणत यांनी दाराशेजारच्या खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे अडकवलं. येता-जाता लाल ठिपका दिसतो.