कासवाला सोबत

कासव पाळलंय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "एकच?" ते खातं काय, चावतं का, वास येतो का, हे सगळं नंतर. घरात मांजर एकटं असलं तर कुणाचं काही बिघडत नाही. कासव एकटं दिसलं की मात्र पाहुण्यांच्या पोटात कालवाकालव सुरू होते. लग्न न करता पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हा सूर चांगलाच ओळखीचा असतो. त्यामुळे कासवाच्या वतीने उत्तर द्यायला मला फारसे कष्ट पडले नाहीत.

खरं तर एकट्या कासवाची आपल्याला सवय असायला हवी. साताऱ्याकडच्या आमच्या गावी महादेवाच्या देवळात सभामंडपाच्या फरशीवर एक दगडी कासव आहे. आत जाताना त्याच्या पाठीला हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा, हे लहानपणी कुणी शिकवावं लागलं नाही. जेजुरीला खंडोबापुढे पितळी पत्र्याने मढवलेलं भलंमोठं कासव आहे, भंडाऱ्याने पिवळंजर्द झालेलं. या कासवांना जोड हवी, असं कुठल्या पाथरवटाच्या मनात कधी आलं नाही.

जिवंत कासव पहिल्यांदा पाहिलं ते आजोळच्या विहिरीत. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची पद्धत त्या भागात होती. पोहरा पाण्यावर आपटला की ते बुडी मारायचं आणि दुपारी ऊन आत उतरलं की कपारीतल्या दगडावर येऊन बसायचं. आजी त्याला 'म्हातारं' म्हणायची आणि विहिरीत डोकावताना पदर सावरायची. शाळेत मग सशाबरोबर शर्यत जिंकलेलं कासव भेटलं. त्याचं मला कधीच विशेष वाटलं नाही. पंचतंत्रातला कंबुग्रीव मात्र आवडायचा. दोन हंसांच्या चोचीतली काठी तोंडात धरून आभाळात गेलेला आणि बोलायला तोंड उघडल्याबरोबर खाली आपटलेला. सोबत महागात पडलेलं ते मला माहीत असलेलं पहिलं कासव.

घरात कासव आलं ते भाचीमुळे. ती जर्मनीला शिकायला निघाली आणि जाण्याच्या आदल्या संध्याकाळी एक प्लास्टिकचं भांडं घेऊन आमच्या ठाण्याच्या घरी आली. भांड्यात बोटभर पाणी, मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि झाडाखाली कॅरमच्या सोंगटीपेक्षा जरासं मोठं हिरवं पिल्लू. डोळ्यांमागे दोन्हीकडे लाल पट्टा. "मावशी, हे एवढंच राहतं, दुकानदार म्हणाला," असं सांगून ती गेली. जे दुकानदार असं सांगतात, त्यांना मोठं झालेलं एखादं कासव महिनाभर सांभाळायला द्यावं असं माझं मत आहे.

हे लाल कानाचं कासव, रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. मादी फुटाच्या आसपास वाढते, नर त्याहून लहान राहतो, आणि नीट ठेवलं तर हा प्राणी पंचवीस-तीस वर्षं सहज काढतो. आईच्या पंच्याऐंशीत आणि माझ्या छप्पन्नात हा हिशोब आम्ही दोघींनी मांडून पाहिला आणि गप्प बसलो. मग मी कामाला लागले. प्लास्टिकचं झाड कचऱ्यात गेलं. बाल्कनीला लागून मोठा टब आला, त्यात गाळणीचं यंत्र, पाण्याबाहेर येऊन अंग कोरडं करायला विटांवर ठेवलेली फरशी आणि फरशीवर यूव्हीबीचा दिवा. ऊन किंवा असा दिवा मिळाला नाही तर कासवाच्या अंगात कॅल्शियम मुरत नाही आणि कवच मऊ पडतं. भांड्यात ठेवलेली बहुतेक पिल्लं अशीच हळूहळू जातात आणि लोक म्हणतात, "आपल्याला लाभलं नाही." कॅल्शियमसाठी समुद्रफेन आणायला मी काष्ठौषधीच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "कान दुखतोय का?" पिल्लू पालक आवडीने खायचं, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडतं म्हणून तो बंद केला. आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुणं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो आणि लहान मुलं पिल्लू तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला 1975 पासून बंदी आहे. आपल्याकडे मात्र पिल्लूच विकलं जातं.

त्याचं नाव गोट्या ठेवलं. आणि गोट्याच्या सोबतीचा विषय निघाला.

आईने तो रोज काढला. "अगं, दिवसभर भिंतीकडे बघत बसतं बिचारं." आई हरिपाठवाली. कासवी पैलतीरावरून नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते, हा संतांचा दृष्टांत तिच्या रक्तात आहे. तिला मी एकदा सांगितलं, कासवी वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. परत वळून बघत नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून वर येतात आणि समुद्राकडे धावत सुटतात, तेव्हा त्यांची वाट बघणारं त्यांच्यापैकी कुणी नसतं; असतात ती आपल्यासारखी कॅमेरे घेतलेली माणसं. आई म्हणाली, "दृष्टांत माऊलीचा आहे, कासवाचा नाही." यावर मला काही बोलता आलं नाही.

ओळखीतल्या एका गृहस्थांनी तर चांदण्यांच्या पाठीचं कासव आणून देतो म्हटलं. वास्तूला चांगलं असतं म्हणे. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेलं हे आपल्या देशातलं जमिनीवरचं कासव. ते पाण्यात राहत नाही, गोट्याच्या टबात ते बुडूनच मेलं असतं. शिवाय ते पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही ते सर्वांत कडक बंदीच्या यादीत गेलं. विमानतळांवर बॅगांमध्ये कोंबलेली जी कासवं पकडली जातात, त्यांत हीच फार असतात. गृहस्थांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "तुम्ही फार वाचता."

दुसरं कासव अखेर आलं, पण सोबत म्हणून नाही. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची बदली झाली आणि त्यांचा मुलगा आपलं कासव तलावात सोडायला निघालेला मला जिन्यात भेटला. लाल कानाचंच, गोट्याहून जरा लहान. ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत आहे. आपल्या तळ्यांतल्या कासवांची उन्हाची जागा आणि खाणं ती बळकावते. युरोपीय संघाने तिची आयात 1997 मध्येच थांबवली. मी ते भांडं त्याच्या हातातून घेतलं. आईला मात्र वेगळंच दिसलं. तिने लगेच नाव ठेवलं, सखू.

पशुवैद्यांनी आधी दोघांना महिनाभर वेगळं ठेवायला सांगितलं, म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याला लागायला नको. मग माझ्या देखत एकत्र. पहिल्याच दुपारी गोट्या सखूच्या पाठीवर चढून दिव्याखाली बसला. आई हरखली. "बघ, कशी माया आहे!" मी डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: माया नव्हे, जागेची मारामारी. उबेची जागा एकच असेल तर मोठं कासव लहानावर चढून ती घेतं. आठवड्याभरात सखू फरशीवर यायचीच थांबली, खाणं गोट्याच संपवू लागला आणि एके दिवशी सखूच्या शेपटीला चावा दिसला. त्याच संध्याकाळी दुसरा टब आला. "वाटण्या झाल्या म्हण की," आई म्हणाली.

पुढे आणखी गंमत झाली. लहानपणी यांच्यातले नर-मादी ओळखू येत नाहीत. अंड्यातलं लिंगही उबेवर ठरतं, थंडाव्यात नर आणि उष्णतेत मादी. दोन-तीन वर्षांनी सखूच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक वाढली, म्हणजे सखू नर. गोट्या थोराड होत गेला, म्हणजे गोट्या मादी. आईने नावं बदलायला साफ नकार दिला. सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचं अजस्र कासव आहे, 1832 च्या सुमारास जन्मलेलं मानतात. त्याच्या सोबतीला 1991 मध्ये दिलेली फ्रेडेरिका बहुधा नर आहे, हे 2017 मध्ये लक्षात आलं. तेव्हा आम्ही एकट्याच काही फसलो नव्हतो.

या सोबतीच्या हट्टाची मोठी कथा गालापागोसची आहे. पिंटा बेटावर 1971 मध्ये सापडलेला जॉर्ज आपल्या जातीतला शेवटचा. जग त्याला 'एकाकी जॉर्ज' म्हणू लागलं आणि कित्येक वर्षं त्याच्या कुंपणात जवळच्या जातींच्या माद्या सोडत राहिलं. अंडी झाली, ती फळली नाहीत. 2012 मध्ये तो गेला. वंश टिकावा म्हणून केलेला तो खटाटोप मला पटतो, पण त्याच्या 'एकाकी'पणाबद्दल जगभर जे गहिवर निघाले ते जॉर्जचे होते असं मला वाटत नाही. कासवं दुसऱ्याकडे बघतच नाहीत असंही नाही. व्हिएन्नात झालेल्या आणि 2010 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लाल पायांच्या कासवांनी दुसऱ्या कासवाला बघून कुंपणाला वळसा घालायचा मार्ग शिकून घेतला. उलट 2018 च्या एका अभ्यासात जमिनीवरच्या कासवांची नुकती जन्मलेली पिल्लं अनोळखी पिल्लाची दखल घेत आणि मग त्याच्यापासून दूर सरकत; ओळखीच्याकडे तर लक्षच देत नसत. दुसऱ्याला पाहणं, त्याच्याकडून शिकणं आणि त्याची गरज लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच मी याचा अर्थ घेते. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तुझ्यासारखीच आहेत मेली."

आता दोन टब, दोन दिवे, गाळणीची दोन यंत्रं. भाची जर्मनीतच राहिली; दिव्यांचे पैसे पाठवते. आई दुपारी दोन्ही टबांच्या मध्ये खुर्ची टाकून बसते आणि आळीपाळीने दोघांशी बोलते. सोबतीची हौस तिची होती आणि ती पुरी झाली.

तुमच्याकडे लाल कानाचं एक कासव असेल तर त्याला जोड आणू नका. आधीच दोन असतील तर टबही दोन करा. सांभाळणं जमत नसेल तर तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका, शहरातल्या प्राणिमित्रांना विचारून हौशी माणूस शोधा. आणि कुणी चांदण्यांच्या पाठीचं कासव विकताना दिसलं, तर महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. तो फिरवा.