पाच ठोके

नर्सची नोकरी सोडून मला चार वर्षे झाली, पण एक चमचा अजून मनातून जात नाही.

१९९६ साली आमच्या वॉर्डात एक वृद्ध गृहस्थ होते. क्यूबाहून मुलाकडे आलेले. त्यांना हिब्रू येत नव्हती, आम्हांला स्पॅनिश. रात्र झाली की पलंगाच्या लोखंडी कठड्यावर चमच्याने ठोके द्यायचे. तीन, मग दोन. पुन्हा तीन, दोन. शेजारचे रुग्ण कुरकुरू लागले, तेव्हा मी तो चमचा काढून घेतला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने पाहते तो पांघरुणाखाली बोटे चाललेली. पुढे त्यांना दुसऱ्या वॉर्डात हलवले.

गेल्या हिवाळ्यात सूनबाईने माझ्या गुडघ्यांच्या काळजीने मातनासमधल्या नाचाच्या वर्गात माझे नाव घातले. (ह्या वयात नाच! आई असती तर तोंडाला पदर लावून हसली असती.) शिकवणाऱ्या बाईंनी टिपऱ्यांहून आखूड, जाड अशा दोन लाकडी दांड्या एकमेकींवर वाजवल्या. तीन, दोन. मी जागच्या जागी उभीच राहिले.

ह्या दांड्यांना क्लावे म्हणतात, आणि त्या ठेक्यालाही क्लावेच. आपल्या कीर्तनात चिपळ्या गाणाऱ्याला साथ देतात. इथे गाणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे क्लावेला धरून चालतात. पाच ठोक्यांतले अंतर सारखे नाही. जवळजवळ चाळीस वर्षे मी नाड्या मोजल्या. अशी नाडी हाताला लागली असती तर डॉक्टरांना झोपेतून उठवले असते.

बाईंनी सांगितले, ह्यातला रुंबा हवाना आणि मातान्सास ह्या बंदरांच्या शहरांत, एकोणिसाव्या शतकात वाढला. गोदीवर राबणारे लोक, मुंबईच्या चाळींसारखी एका अंगणाभोवतीची बिऱ्हाडे. पुष्कळसे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे वंशज; क्यूबात गुलामगिरी १८८६ साली संपली. त्यांचे ढोल सरकारला खपत नसत. मग खाऱ्या माशांची, मेणबत्त्यांची रिकामी खोकी वाजू लागली. खोक्याच्या लाकडावर चमचेसुद्धा वाजवीत. हे ऐकले आणि मी खाली बसले. बाईंना वाटले, गुडघा दुखला.

रुंब्याचे प्रकार तीन. कोलुंबिया वेगाचा, बहुधा पुरुषाने एकट्याने नाचायचा. ग्वाग्वांकोत पुरुष बाईला गाठू पाहतो आणि ती घागऱ्याचा घोळ पुढे ओढून त्याला चुकवते. याम्बू सर्वांत संथ, म्हाताऱ्यांच्या चालीची नक्कल करीत नाचायचा. मला नक्कल करावी लागत नाही. २०१६ साली युनेस्कोने रुंब्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले, पण आमच्या वर्गात त्याचे कोणाला कौतुक नाही. सगळ्यांना गुडघे हवेत.

मागच्या मंगळवारी दांड्या माझ्या हातात आल्या. तिसऱ्या ठोक्यानंतर किती थांबायचे, ते मला अजून साधत नाही. ते गृहस्थ आजारात, अंधारात, पांघरुणाखाली वाजवीत होते, आणि माझ्या आठवणीत एकदाही चुकले नाहीत.