शेवटची स्टेज

गेम बनवणाऱ्या कुठल्याही टीममध्ये शेवटच्या लेव्हलच्या वाट्याला थकलेली माणसं येतात. पहिली लेव्हल मोडून मोडून पुन्हा बांधली जाते, कारण पैसे लावणारे तीच बघतात, ट्रेलर तिच्यातूनच कापला जातो आणि परीक्षण लिहिणाऱ्याचं मतही तिथेच बनतं. शेवटची मात्र तारीख अंगावर आल्यावर, उरल्यासुरल्या सामानातून उभी राहते. बरं, तिथवर पोचतं कोण? स्टीमवर किंवा प्लेस्टेशनवर कुठली ट्रॉफी किती जणांना मिळाली याची टक्केवारी उघडी असते. शेवटचा बॉस मारल्याची ट्रॉफी मिळवणारे बहुतेक गेममध्ये अर्ध्याहूनही कमी निघतात. जिथे गिऱ्हाईक जातच नाही तिथे खर्च कशाला, असा आमच्या धंद्यातला सरळ हिशोब आहे.

मी लेव्हल डिझाइनर आहे. खेळणारा कुठून आत येईल, त्याला आधी काय दिसेल, तो कुठे अडेल आणि अडल्यावर कुठे बघेल, हे ठरवायचं माझं काम. ते मी शहाद्याला घरी बसून करते. वर्षभरात कोणते गेम खेळले याची नोंद मी ठेवत नाही. कोणते संपवले याची ठेवते. निवड बरीचशी माझ्या लॅपटॉपनेच केलेली असते. घरचा लॅपटॉप जुना, त्यात भारी ग्राफिक कार्ड नाही, आणि शंभर जीबीचा गेम उतरवायला घेतला की मध्येच लाइट जाते. म्हणून माझ्या यादीत नवे, गाजलेले गेम कमी आणि छोटे, जुने जास्त. याचं मला फारसं वाईट वाटत नाही. छोट्या गेमला शेवट असतो. मोठ्यांना हल्ली तो परवडत नाही.

यंदाच्या यादीत मी सगळ्यात वर ठेवला तो ‘अ शॉर्ट हाइक’. ॲडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या डिझाइनरने 2019 साली केलेला, काही शे एमबीचा गेम. क्लेअर नावाची एक पक्षीण मावशीकडे एका बेटावर सुट्टीला आली आहे. तिला एक महत्त्वाचा फोन यायचा आहे आणि बेटावर रेंज नाही. रेंज फक्त हॉक पीक या शिखरावर. म्हणून ती डोंगर चढते. झाली गोष्ट.

सातपुड्यातल्या अक्राणीच्या माणसाला या कथेत नवल काय वाटणार? आमच्या नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या पलीकडे, नर्मदेच्या अंगाला असे पाडे आहेत जिथे फोन लावायचा तर टेकडी गाठावी लागते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरं डोंगरावर चढून बसायची. परदेशी परीक्षकांना क्लेअरची कल्पना गोड वाटली. मला तिच्यात धडगावचा बाजार दिसला आणि त्या बाजारातून मागे, वरवर जाणारी वाट.

गोडव्यापेक्षा मला त्यातली बांधणी महत्त्वाची वाटते. या गेममध्ये कोपऱ्यात नकाशा नाही. आमच्या क्षेत्रात हे धाडसच. नकाशा काढून घेतला की खेळणारा हरवतो, हरवला की चिडतो, चिडला की गेम बंद करतो. मग इथे हरवत का नाही? चढ नेहमी शिखराकडे जातो आणि उतार समुद्राकडे, म्हणून. सोनेरी पिसं मिळवायची. जितकी पिसं जास्त, तितकं जास्त चढता येतं. ती मिळवताना वाटेत कोणी शिंपले मागतं, कोणी शर्यत लावतं. मुद्दाम आडवाटेला नेणारे हे प्रसंग आहेत, पण एकही सक्तीचा नाही. तोरणमाळच्या सात पायरी घाटात पहिल्यांदा जाणाऱ्याला वळणं मोजता येत नाहीत, तरी आपण वर चाललोय याची शंका येत नाही. चांगल्या लेव्हलचं अंगही तेच: दिशा पक्की आणि वाट मोकळी.

आणि त्याचा शेवट! शिखरावर फोन येतो. आईचं ऑपरेशन झालेलं आहे, ती बरी आहे.  दुसऱ्या कुणी इथेच नावांची पाटी सोडली असती. रॉबिन्सन-यू तसं करत नाही. शिखरावरून वाऱ्याचा एक झोत सुटतो आणि ज्या कड्यांवर आपण पीस-पीस जमवून चढलो ते सगळे कडे पंखाखालून सरकत जातात. खाली मावशीचं घर असतं. चढायला लागलेल्या वेळेचा हिशोब काही मिनिटांत डोळ्यांसमोरून जातो, आणि त्यासाठी एकही नवी जागा बांधावी लागलेली नाही. हे मी व्यवसायाच्या जळफळाटाने लिहिते आहे, हे वाचकाच्या लक्षात येईलच.

दिवाळीत तळोद्याकडून अस्तंब्याला अश्वत्थाम्याच्या यात्रेला जाणाऱ्यांना विचारा. रात्रभर डोंगर चढून शिखरावर काय केलं हे ते दोन वाक्यांत सांगतात. उतरताना काय काय झालं, हे मात्र संपत नाही.

यादीतला दुसरा गेम मला चिकाटीने संपवावा लागला. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा लुकस पोपचा 2018 सालचा गेम. जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यासारखं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र. वर्ष 1807. पाच वर्षांपूर्वी निघून बेपत्ता झालेलं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं, आत जिवंत कोणी नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. जहाजावरच्या साठ जणांपैकी प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं, हे वहीत भरायचं. हातात एक घड्याळ आहे, जे प्रेताजवळ नेलं की मृत्यूचा तो एक क्षण गोठलेला दिसतो. बस. बाकी सगळं आपण बघून ताडायचं: कोण कुठल्या भाषेत ओरडतोय, कोणाच्या झोळीवर कुठला नंबर आहे, कोण कोणाच्या शेजारी उभा आहे.

पोपने एक छोटी, फार हुशार अट घातली आहे. उत्तर बरोबर की चूक हे एकेकाचं कळत नाही. तीन जणांची माहिती बरोबर जमली की मगच ती छापून पक्की होते. एकेकाचं कळलं असतं तर नावं ठोकत बसून गेम संपवता आला असता. तिघांच्या अटीमुळे अंदाज महाग होतो, पण अगदी अशक्य होत नाही. माझा सातवीतला भाचा वही-पेन घेऊन शेजारी बसला होता. सुरुवातीच्याच एका भागात दोन हिंदी खलाशी छातीच्या आजाराने मरतात, तेव्हा त्याने मला विचारलं की कंपनीच्या जहाजावर आपले लोक काय करत होते. त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात कंपनीच्या लढाया आणि तह आहेत, तिची जहाजं चालवणारे लस्कर, म्हणजे हिंदी खलाशी, नाहीत. आमचा अर्धा तास त्यातच गेला, आणि तो खेळापेक्षा चांगला गेला.

शेवट मात्र मला ताणलेला वाटला. जहाज सोडून गेल्यावर टपालाने एक पुडकं येतं आणि कुलूपबंद राहिलेलं एक प्रकरण उघडतं. सगळं ओळखलेल्याला मिळालेलं हे बक्षीस आहे खरं, पण तोवर आपण इतकं जुळवलेलं असतं की ते प्रकरण आपल्याला माहीत असल्यासारखंच निघतं.

शेवटाच्या बाबतीत 1989 चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अजून कोणाला ऐकत नाही. आमच्या पिढीने तो शाळेच्या किंवा क्लासच्या कॉम्प्युटरवर पाहिला. संपवलेला मात्र क्वचितच कोणी. साठ मिनिटं, बारा लेव्हल. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चितारल्या. म्हणून तो आजही माणसासारखा पडतो. ॲपल टू या यंत्रात स्मृती इतकी तोकडी की दुसरं पात्र ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून, उलट रंगात त्याची सावली उभी केली. अडचणीतून आलेलं हे पात्रच गेमचा कणा झालं. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ते बाहेर पडतं. पुढे आपल्या औषधाची बाटली पिऊन टाकतं, दार बंद करून आपल्याला खाली पाडतं. बाराव्या लेव्हलला तलवार घेऊन समोर येतं. त्याला मारलं की घाव आपल्याला बसतो.

भाच्याने इथे बराच वेळ डोकं आपटलं. मी काही बोलले नाही. उपाय असा की तलवार म्यान करायची आणि सरळ त्याच्या अंगावर चालत जायचं; दोघं एक होतात. पूर्ण गेमभर ज्या बटणाने जीव वाचवला ते बटण सोडून देणं हाच इथला डाव. मी कितीतरी बॉस-फाइट आखल्या असतील, पण ताकद वाढवून मिटवलेल्या. हे असं मिटवायला मेकनरला त्या अपुऱ्या यंत्राने भाग पाडलं.

मराठी मुलखातला गेम म्हणून ‘राजी’ यादीत असायलाच हवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो 2020 मध्ये आणला. जत्रेत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि वरून हे सगळं बघत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी गढ्या, पहाडी चित्रांचे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेली कथा. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी या लोकांनी गेम पुरा केला, हे मी आधी मान्य करते. खांबांवर चढत, भिंतीवरून पळत त्रिशूळ फिरवणारी राजी बघताना पुण्यात हे होऊ शकतं याचा आनंद होतोच. पण शेवट अर्धवट आहे. महाबलासुराशी गाठ पडते आणि कथा एका वळणावर जाऊन थांबते. आपण पुढचं दार शोधत राहतो आणि पडद्यावर नावं वर सरकू लागतात. छोट्या टीमचे पैसे नेमके कुठे संपले असतील हे आमच्या धंद्यातल्या माणसाला पडद्यावर बोट ठेवून दाखवता येईल. पहिल्या तासातली कोरीव कमान बघितली की वाटतं, यातली एक कमान कमी करून शेवटाला द्यायला हवी होती.

सुरतेला चुलतभावाकडे त्याच्या प्लेस्टेशनवर ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ संपवला. सह्याद्रीत होयसळांची मंदिरं, गणपतीचा तुटलेला दात आणि धावत्या आगगाडीवरची हाणामारी. हिरवाई अप्रतिम, भूगोल सिनेमाचा. गाडीची गंमत याच मालिकेच्या दुसऱ्या भागात आधी होऊन गेली आहे. पुढे बोलण्यासारखं नाही.

‘वेन्बा’ दीड-दोन तासांचा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, आईच्या पाककृतींची फाटकी, डाग पडलेली वही आणि तमिळपासून लांब जाणारा मुलगा. इडली कुठल्या क्रमाने रचायची हे कोडं. उत्तर वहीच्या पुसलेल्या ओळीत. शेवटी मुलगा एकटा स्वयंपाकाला उभा राहतो आणि कृती त्याला पुरती वाचता येत नाही, म्हणून खेळणाऱ्यालाही ती तुटकच दिसते. नियम तोच, माणूस बदलला, आणि कोडं अचानक अवघड झालं. 2024 मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार याला मिळाला, तो योग्यच.

आता माझ्या यादीत कधीच येऊ न शकणारे गेम. नंदुरबारच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी आडव्या धरलेल्या फोनांमध्ये जे चालू असतं ते बीजीएमआय किंवा फ्री फायर. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी बंद झाला तेव्हा पोरं सुतकात होती. 2 जुलै 2021 ला तोच बीजीएमआय म्हणून आला. पुण्यात तयार झालेला ‘इंडस’ही त्याच पठडीतला. या गेममधली एकेक बाजी संपते, गेम संपत नाही. सीझन संपतो, लगेच दुसरा लागतो. मधल्या काळात फोन ठेवला तर मिळणारं काहीतरी हुकतं, आणि ते हुकतंय हे तुम्हाला वारंवार कळवलं जातं. हे आपोआप होत नाही. त्यासाठी पगारी माणसं असतात, आणि मीही तसलं काम केलं आहे. माझा एक सहकारी वाद घालतो की क्रिकेट तरी कुठे संपतं? खरं आहे. पण गल्लीतलं क्रिकेट अंधार पडला की थांबतं, आणि उद्या आला नाहीस तर तुझी बॅट जाईल असं कोणी म्हणत नाही.

न संपणारे गेम पूर्वीही होते. 1980 चा ‘पॅकमॅन’ अनंत चालावा असाच होता. पण लेव्हलचा आकडा आठ बिटांत ठेवलेला, त्यामुळे 256 व्या लेव्हलला मोजणी कोलमडते आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. सारंगखेड्याच्या यात्रेत मिळणाऱ्या ब्रिक गेममधला टेट्रिस कोणी संपवलेला ऐकला नव्हता. 21 डिसेंबर 2023 ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या एका 13 वर्षांच्या मुलाने जुन्या निन्टेन्डोवरचा टेट्रिस 157 व्या लेव्हलपर्यंत नेला आणि यंत्रच थिजलं. त्याने खुर्चीत बसल्या बसल्या डोकं धरलं. बनवणाऱ्यांनी शेवट ठेवला नव्हता, तर पोराने तो खणून काढला.

भाच्याला तो व्हिडिओ दाखवला तेव्हा त्याने पहिलं विचारलं, “मावशी, मंग त्याना खेय सरना का?” सरला म्हटल्यावर तो खूश झाला. फ्री फायरबद्दल त्याने हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही.

पावसाळ्यापासून मी फावल्या वेळात माझा स्वतःचा एक छोटा गेम बांधते आहे: रात्रीची डोंगरचढण, हातात बॅटरी, पुढे-मागे चालणारी माणसं. त्यातली उतरणीची शेवटची लेव्हल आधी पुरी केली. चढण अजून कागदावरच आहे. भाचा टेस्टर. उतार फार गुळगुळीत आहे, सातपुड्यात असं कोणी उतरत नाही, पाय सरकायला हवा, असं त्याने वहीत लिहून दिलं आहे. या आठवड्यात मी मुरूम टाकते आहे.